विश्लेषण : केळ्यात बी का नसते? जळगावच्या केळीबागांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

पिकलेले केळे मधोमध कापले, की गाभ्यात बारीक काळसर ठिपक्यांच्या रांगा दिसतात. हे ठिपके म्हणजे कधीच न झालेल्या बिया. बी नाही म्हणून केळे सोलून थेट खाता येते. पण बी नाही म्हणूनच जळगावपासून इक्वेडोरपर्यंतच्या बहुतेक व्यापारी केळीबागा एकाच मूळ झाडाच्या नकला आहेत, आणि जमिनीतील एका बुरशीने जगभरच्या केळी उत्पादकांची झोप उडवली आहे. नर-मादीच्या संयोगातून होणारे लैंगिक पुनरुत्पादन आणि एकाच जीवातून होणारे अलैंगिक पुनरुत्पादन हा शाळेच्या पुस्तकातला धडा. पण शेतात त्याचा हिशेब रुपयांत होतो.

केळ्याची बी गेली कुठे?

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात आणि ती सहसा जोडीने असतात. जोडीतले एक आईकडून आलेले, दुसरे वडिलांकडून. लैंगिक पुनरुत्पादनासाठी जी खास पेशी तयार होते, म्हणजे प्राण्यांत शुक्राणू व अंडे आणि वनस्पतींत परागकणातील नरपेशी व बीजांडातील मादीपेशी, तिच्यात या जोड्यांची समान वाटणी होऊन निम्मीच गुणसूत्रे जातात. दोन निम्मे एकत्र आले, की पुन्हा पूर्ण संच तयार होतो आणि बीजांडाचे बी बनते.

जंगली केळीत ११ जोड्या, म्हणजे २२ गुणसूत्रे असतात. तिच्या फळात भरपूर टणक काळ्या बिया असतात आणि गर नावापुरता. बाजारात मिळणाऱ्या केळीत मात्र गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच आहेत, एकूण ३३. तिघांची दोघांत समान वाटणी होत नाही. त्यामुळे तिचे पराग आणि बीजांडे जवळजवळ वांझ असतात. एरवी परागीकरण झाले नाही तर फळ धरत नाही, पण या केळीत परागीकरणाशिवायच फळ भरते. आग्नेय आशियात हजारो वर्षांपूर्वी अशी झाडे आपसूक निपजली असणार. माणसाने ती हेरली आणि जपली.

आपण ज्याची भाजी करतो त्या केळफुलात दिसतात ती नरफुले. मादीफुले त्याआधीच उमलून त्यांच्या फण्या झालेल्या असतात. म्हणजे फुलोरा येतो, नर आहे, मादी आहे, मध आहे, वटवाघळे आणि मधमाश्याही येऊन जातात. पण या सगळ्या थाटातून संतती निपजत नाही.

याच्या नेमके उलट पाहायचे असेल, तर पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्याकपारीत उगवणारी कवदर म्हणजे रानकेळ पाहावी. ती केळीच्याच कुळातली. उन्हाळ्यात तिची पाने नाहीशी होतात, कंद खडकात दडून राहतो आणि पाऊस पडला की ती पुन्हा हिरवी होते. तिला बाजूने पिले फुटत नाहीत. काही वर्षांनी एकदाच फुलते, फळात मोठ्या काळ्या बिया धरतात आणि झाड मरते. तिचा वंश चालतो तो केवळ बियांवर.

मग नवी केळ येते कशी?

केळीचा जो खांब दिसतो तो खरा बुंधा नव्हे, ती पानांच्या देठांची गुंडाळी. खरे खोड जमिनीखाली असते, ते म्हणजे कंद. या कंदाला बाजूने मुनवे फुटतात. तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा काढून दुसरीकडे लावला, की नवी केळ तयार. मूळ झाडाचा घड कापल्यावर त्याच्याच पिलावर पुढचे पीक घेतले, तर खानदेशात त्याला पिलबाग म्हणतात.

हे अलैंगिक पुनरुत्पादन. त्यात एकच पालक असतो, गुणसूत्रांची वाटणी होत नाही आणि संतती जनुकीयदृष्ट्या पालकाची नक्कल असते. आपल्या आसपास याची उदाहरणे ढिगाने सापडतील. बटाट्याचा डोळा, हळद-आल्याचा गड्डा, शेवंतीची काशी, गुलाबाची फांदी, कढीपत्त्याच्या मुळाला फुटलेले रोप. पानफुटीचे पान वहीत ठेवून त्याच्या कडेला रोपटी फुटण्याची वाट अनेकांनी पाहिली असेल. नद्या-तलावांवर पसरलेली जलपर्णी बियांनीही वाढते, पण तिचा वेग येतो तो धावत्या खोडांना फुटणाऱ्या नव्या रोपांमुळे. म्हणूनच ती काढून महिना-दोन महिने होत नाहीत तोच पाणी पुन्हा झाकले जाते.

केळीत आता मुनव्यांची जागा मोठ्या प्रमाणावर उतिसंवर्धित, म्हणजे टिश्यूकल्चर रोपांनी घेतली आहे. कंदाच्या वाढीच्या टोकाचा छोटा तुकडा निर्जंतुक बाटलीत पोषकद्रव्यावर वाढवतात, त्याचे पुन्हा पुन्हा भाग करतात आणि तयार रोपे शेडनेटमध्ये काटक करून शेतकऱ्याला देतात. ५ बाय ५ फुटांवर लागवड केली, तर एकरात साधारण १,७४० झाडे बसतात. ती सगळी एकाच मापाची, जवळपास एकाच वेळी निसवणारी. निर्यातदाराला हवा असतो तो हाच एकसारखेपणा, आणि जळगावच्या केळीला आखातात बाजार मिळण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

प्राण्यांतही असे होते का?

होते, आणि वाटते त्यापेक्षा बरेच जास्त. गोड्या पाण्यातल्या हायड्राच्या अंगावर कोंब फुटतो आणि त्याचा नवा हायड्रा होऊन तो सुटा होतो. प्लॅनेरिया या चपट्या कृमीचे तुकडे झाले, की तुकड्या-तुकड्यातून नवा कृमी वाढतो. पण खरे नवल पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत आहे.

पावसाळ्यात मोरीत किंवा कुंडीच्या मातीत गांडुळासारखा, पण खवल्यांचा, चकचकीत आणि वळवळ करत झपाट्याने पळणारा एक जीव आढळतो. तो वाळा साप. बिनविषारी, वीतभर लांबीचा, मुंग्या आणि वाळवीची अंडी-अळ्या खाणारा. या जातीत नर नाहीतच. प्रत्येक मादी संयोगाशिवाय अंडी घालते आणि त्यातून मादीच निपजते. केवळ याच पद्धतीने वाढणारी सापाची ही एकमेव ज्ञात जात आहे. तिच्यातही गुणसूत्रांचे तीन संच आहेत, अगदी केळीसारखे. कुंड्यांच्या मातीतून दक्षिण आशियातला हा साप अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर पोहोचला. नव्या ठिकाणी वसाहत वसवायला एकच वाळा पुरतो, जोडीदार शोधावा लागत नाही. (एवढा उपयोगी जीव दिसला की आपल्याकडे पहिला हात झाडूकडे जातो, हे दुर्दैव.)

इतर काही प्राणी अडचणीपुरती ही वाट धरतात. ब्रिटनमधील प्राणिसंग्रहालयांत नराच्या संपर्काविना राहिलेल्या कोमोडो ड्रॅगनच्या माद्यांनी घातलेल्या अंड्यांतून पिले निघाल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. मधमाश्यांत तर दोन्ही पद्धती एकाच पोळ्यात चालतात. राणीने फलित अंडे घातले की कामकरी माशी किंवा नवी राणी होते. फलन न झालेल्या अंड्यातून नर निपजतो. त्यामुळे नर मधमाशीला वडील नसतात, पण आजोबा, म्हणजे आईचे वडील असतात.

शेतकऱ्याला सर्वांत जवळून माहीत असलेले उदाहरण मात्र मावा हेच. उबदार हवेत माव्याची मादी नराशिवाय, अंडीही न घालता, थेट जिवंत पिले देते. जन्मणाऱ्या पिलाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. म्हणजे आईच्या पोटात लेक आणि लेकीच्या पोटात नात, एकाच वेळी. पिले आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिले देऊ लागतात. काल पानावर चार ठिपके होते आणि आज पान काळे पडले, हा अनुभव त्यातूनच येतो.

मग नर हवाच कशाला?

हा प्रश्न गमतीचा वाटला तरी जीवशास्त्रज्ञांना तो अनेक दशके छळत आला आहे. हिशेब साधा आहे. नकला काढणाऱ्या जातीत प्रत्येक जीव पिले देतो. नर-मादी असलेल्या जातीत निम्मी संख्या नरांची, म्हणजे पिले देणारे निम्मेच. त्यात जोडीदार शोधण्याचा वेळ, रंगीत पिसारा आणि मधाचा खर्च, मीलनाच्या वेळी शत्रूच्या तावडीत सापडण्याचा धोका. उंबराचे उदाहरण घ्या. त्याची फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आतच असतात, म्हणून ‘उंबराचे फूल’ कोणाला दिसत नाही. ती फुले फळवायला एक खास इवली गांधीलमाशी त्या गोळ्यात शिरावी लागते. ती माशी नसेल, तर उंबराला बी नाही. इतका खटाटोप, इतके परावलंबन, तरीही बहुतेक मोठे प्राणी आणि वनस्पती याच वाटेने जातात. का?

उत्तर आहे सरमिसळीत. जननपेशी तयार होताना जोडीतले कोणते गुणसूत्र कुठे जाईल, हे प्रत्येक जोडीसाठी वेगळे ठरते. माणसात २३ जोड्या आहेत. केवळ या वाटणीतूनच एका व्यक्तीच्या जननपेशींचे सुमारे ८४ लाख प्रकार होऊ शकतात. (चौऱ्याऐंशी लक्ष योनींशी या आकड्याचा संबंध जोडू नये, तो योगायोग आहे.) त्यातही गुणसूत्रे वेगळी होण्यापूर्वी एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यामुळे खरे प्रकार अगणित. म्हणून एकाच आईवडिलांची मुले एकसारखी नसतात, आणि एकाच आंब्याच्या कोयी लावल्या तर दोन झाडांची फळे एका चवीची निघत नाहीत.

ही विविधता कामाला येते ती मुख्यतः रोगजंतूंविरुद्ध. रोगजंतू झपाट्याने वाढतात आणि सर्वाधिक आढळणाऱ्या यजमानावर मात करायला शिकतात. सगळ्या घरांना एकच कुलूप असेल, तर चोराला एक किल्ली पुरते. पिढीगणिक कुलूप बदलले, तर किल्ली जुनी होते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ ली व्हॅन व्हॅलेन यांनी १९७३ मध्ये अशा न संपणाऱ्या चढाओढीला लुईस कॅरोलच्या कथेतील राणीवरून ‘रेड क्वीन’ असे नाव दिले.

याचा बोलका पुरावा न्यूझीलंडच्या तळ्यांत सापडला. तिथल्या एका छोट्या गोगलगायीत नर-मादीच्या संयोगातून होणारे आणि नुसत्या मादीपासून होणारे, असे दोन्ही प्रकारचे जीव शेजारी-शेजारी राहतात. कर्टिस लाइव्हली यांना असे आढळले, की ज्या तळ्यांत गोगलगायींना पोखरणाऱ्या परजीवी कृमींचा प्रादुर्भाव जास्त, तिथे नरांचे प्रमाणही जास्त. पुढच्या अभ्यासात असेही दिसले, की एखादी नक्कल फार बोकाळली, की काही काळाने कृमींचा भार तिच्यावरच वाढतो.

अनेक जीव तर दोन्ही वाटा हाताशी ठेवतात. थंड प्रदेशातला मावा उन्हाळाभर नकला काढतो आणि हिवाळ्याच्या तोंडावर नर-मादी निपजवून थंडी सोसणारी अंडी घालतो. हायड्राही खायला मुबलक असेल तेव्हा कोंब फोडतो आणि परिस्थिती बिघडली की बीजांडे-शुक्राणूंकडे वळतो. आजचा दिवस उद्यासारखाच असेल तर नक्कल फायद्याची. उद्याची खात्री नसेल तर सरमिसळ.

एकसारखेपणाची किंमत कोणी मोजली?

सर्वांत भयंकर किंमत आयर्लंडने मोजली. एकोणिसाव्या शतकात तिथली गरीब जनता प्रामुख्याने ‘लंपर’ या एकाच बटाट्यावर जगत होती. बटाटा डोळ्यांपासून लावतात, म्हणजे शेतेच्या शेते एकाच झाडाच्या नकला. १८४५ मध्ये करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे उपासमार आणि साथींत मेली, तेवढ्याच लोकांनी देश सोडला. दुष्काळाला ब्रिटिश सरकारची धोरणे आणि जमीनदारीही कारणीभूत होती, केवळ बटाटा नव्हे. पण सगळीकडचे पीक एकाच वेळी कुजले, कारण ते सगळीकडे तेच होते.

केळीवर ही वेळ एकदा येऊन गेली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका आणि युरोपात खाल्ले जाणारे केळे म्हणजे ‘ग्रो मिशेल’. जाड सालीचे, घडच्या घड जहाजात रचले तरी न डागाळणारे. मध्य अमेरिकेतील अफाट मळ्यांत ‘पनामा मर’ रोगाची बुरशी पसरली आणि १९६० च्या दशकापर्यंत ग्रो मिशेलचा निर्यात व्यापार संपला. कंपन्यांनी रोगग्रस्त जमीन सोडून नवी जंगले तोडली, तिथेही बुरशी मागोमाग गेली. शेवटी तिची जागा घेतली ‘कॅव्हेंडिश’ने, कारण तिला तो रोग होत नव्हता. ही केळी नाजूक, म्हणून ती घडाऐवजी फण्या करून खोक्यांत भरणे सुरू झाले. तिचे नाव पडले ब्रिटनमधील डेव्हनशरच्या ड्यूकच्या घराण्यावरून. १८३० च्या दशकात त्यांच्या काचगृहात जोसेफ पॅक्स्टन यांनी ती वाढवली होती.

जळगावची बसराई, श्रीमंती आणि आता सर्वदूर पसरलेली ग्रँड नैन या तिन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. अधूनमधून एखादे जनुक आपोआप बदलून उंची किंवा घडाचा आकार बदलला, एवढाच त्यांच्यात फरक. जगातल्या केळी उत्पादनाचा निम्म्याच्या आसपास भाग आणि निर्यातीचा बहुतेक सगळा व्यापार आज या एका गटावर उभा आहे. एका नकलेवर विसंबून पोळलेल्या धंद्याने त्यावर शोधलेला उपाय म्हणजे दुसरी नक्कल.

आता ‘टीआर-४’ नावाचे संकट काय?

ही त्याच मर रोगाच्या बुरशीची नवी प्रजात, आणि तिच्यापुढे कॅव्हेंडिश टिकत नाही. तैवान व आग्नेय आशियातून ती ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेत मोझांबिक आणि २०१९ मध्ये कोलंबियामार्गे लॅटिन अमेरिकेत पोहोचली. भारतात बिहारमधील कटिहार-पूर्णियाच्या पट्ट्यात आणि उत्तर प्रदेशात तिची नोंद झाली आहे.

बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. खालची पाने कडेने पिवळी पडून देठाशी मोडतात, खांब आडवा कापला तर आत तपकिरी-लालसर कडी दिसतात. झाड घड पोसण्याआधीच मरते. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत कित्येक वर्षे, अगदी दशकेही जिवंत राहतात. फवारणीचा उपयोग नाही. केळी खाणाऱ्याला मात्र यापासून धोका नाही.

यातला विरोधाभास असा, की ही बुरशीही नक्कलच आहे. तिच्यात लैंगिक पुनरुत्पादन होताना आजवर आढळलेले नाही; टीआर-४ हा एकाच वंशरेषेचा पसारा आहे. आयर्लंडच्या बटाट्यावरचा करपाही तसाच. त्या काळी युरोपात त्याचा एकच संयोग-प्रकार पोहोचला होता, त्यामुळे तो अलैंगिक पद्धतीनेच वाढत होता. म्हणजे नक्कल काढणारा जीव मुळात दुबळा असतो असे नव्हे. मावा, वाळा, जलपर्णी, ही बुरशी, सगळे जोमाने वाढतात. आपण हजारो एकरांत एकच कुलूप लावून ठेवल्यावर बुरशीला किल्ली बदलण्याची गरजच उरत नाही.

खानदेशात सध्याची रोजची डोकेदुखी मात्र वेगळी आहे. ती म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, शेतकऱ्यांच्या भाषेत ‘हरण्या’. पानांवर पिवळे पट्टे येतात, पाने आकसतात, घड नीट पडत नाही. रावेर, यावल भागात यापायी शेतकऱ्यांनी हाताने लावलेली रोपे हाताने उपटून फेकली आहेत. हा विषाणू पसरवतो मावा. तो काकडीवर्गीय पिकांवर आणि बांधावरच्या तणांवरही असतो, म्हणून नव्या केळीबागेत किंवा शेजारी ही पिके घेऊ नका, असा सल्ला कृषी विभाग देतो. नराशिवाय आठवड्यात दुप्पट-चौपट होणारा कीटक आणि प्रतिकारशक्तीत तसूभरही फरक नसलेली एकरी १,७४० झाडे, असा हा सामना आहे.

नवे वाण का काढत नाहीत?

काढतात, पण केळीत ते फार जिकिरीचे आहे. नवे वाण काढायचे म्हणजे दोन वेगळ्या झाडांचा संकर करायचा. आणि संकराला लागते ती नेमकी बी. होंडुरासमधील संशोधन केंद्रात मजुरांनी हजारो घडांवर हाताने पराग लावला, केळ्यांचा लगदा चाळला आणि त्यातून मोजक्या बिया हाती आल्या. त्यातून ‘गोल्डफिंगर’सारखी रोगाला दाद न देणारी वाणे तयारही झाली, पण तिची चव कॅव्हेंडिशला सरावलेल्या बाजाराला रुचली नाही. दुसरी वाट जनुकीय बदलाची. आग्नेय आशियातल्या जंगली केळीतला रोगप्रतिकारक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून क्वीन्सलंडमधील शास्त्रज्ञांनी ‘क्यूकॅव्ह-४’ हे वाण तयार केले. त्याला २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात मंजुरी मिळाली. जिथे बी आहे त्या रानकेळीतूनच हा जनुक मिळाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

उसाने याबाबतीत आपल्याला खूप काही दिले. ऊसही टिपरीच्या डोळ्यापासून, म्हणजे नकलेनेच लावतात. उसाला तुरा येतो. पण त्यातून रुजणारे बी मिळते, हे १८८० च्या दशकाच्या अखेरीस जावा आणि बार्बाडोस इथे सिद्ध होईपर्यंत कोणी मानत नव्हते. पुढे १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले. चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी गोड पण नाजूक उसाचा संकर कास या जंगली गवताशी केला. त्यातून निघालेला ‘को २०५’ १९१८ मध्ये शेतात आला आणि उत्तर भारतातील ऊसशेती बदलली. आज महाराष्ट्रात मोठ्या क्षेत्रावर असलेला ‘को ८६०३२’ हादेखील अशाच संकराच्या परंपरेतला, ‘को ६२१९८’ आणि ‘कोसी ६७१’ यांचे अपत्य. आपल्या हवेत उसाला चांगले बी धरत नाही, म्हणून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने संकरासाठी सिंधुदुर्गात आंबोलीची दमट हवा निवडली. संकरातून हजारो रोपे, त्यांतून निवडलेले एक, आणि मग त्या एकाच्या टिपऱ्या लाखो एकरांत. वाण घडवायचे लैंगिक पद्धतीने, वाढवायचे अलैंगिक पद्धतीने.

पण तिथेही तोच सापळा आहे. उत्तर प्रदेशात ‘को ०२३८’ने उतारा आणि उत्पादन इतके वाढवले, की एकेकाळी राज्यातील बहुतांश ऊसक्षेत्र त्या एकट्याखाली आले. मग लाल कूज आली, आणि आता तेच वाण बदला म्हणून सरकार शेतकऱ्यांच्या मागे लागले आहे.

हापूसचेही तसेच. प्रत्येक हापूस कलम ही त्याच झाडाची नक्कल, म्हणून रत्नागिरीचा असो वा देवगडचा, साक्याचा दोष सगळ्यांत असतो. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ काढला. त्यात साका नाही. तरी बाजारात हापूसच विचारला जातो, आणि गावोगावचे रायवळ आंबे, ज्यांचे प्रत्येक झाड वेगळे, ते लाकडासाठी तुटतात. ग्राहकाला नक्कलच हवी असते, हे नाकारून चालणार नाही. पण पुढच्या संकरासाठी लागणारा माल त्या रायवळांत आहे.

केळी उत्पादकाने आज काय करावे?

प्रतिकारक वाण हाती येईपर्यंत रोग शेतात येऊ न देणे, एवढेच खरे हत्यार आहे. बिहार-उत्तर प्रदेशातून किंवा मर रोग झालेल्या कोणत्याही बागेतून मुनवे-कंद आणू नयेत. या बुरशीपासून मुक्त असलेली टिश्यूकल्चर रोपे घ्यावीत, आणि घेताना ती विषाणू तपासणी झालेली व प्रमाणित आहेत का, हे पाहावे. बुरशी पसरते ती चपलेच्या, ट्रॅक्टरच्या, कुदळीच्या मातीतून आणि पाटाच्या पाण्यातून. परराज्यातून घड नेण्यासाठी येणारी वाहने आणि कापणीच्या टोळ्यांचे कोयते-बूट बागेच्या तोंडाशी धुऊन जंतुनाशकात बुडवणे, याला खर्च फारसा नाही. संशयित झाड दिसले तर ते ओढत बाहेर नेऊ नये. जागेवरच सोडून, भोवती कुंपण घालून कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राला कळवावे, कारण ओढत नेलेल्या झाडाबरोबर माती बागभर पसरते. ‘हरण्या’च्या बाबतीत उलट आहे. तिथे माव्यावर फवारणी करून मग झाड लगेच मुळासकट काढून पुरावे किंवा जाळावे. दोन रोगांतला हा फरक माहीत नसेल, तर एकावरचा उपाय दुसऱ्याला वाढवतो.